दूरचे यंत्र, जवळचा पडदा

वरठीला, म्हणजे भंडारा रोडच्या स्टेशनावर, आरक्षणाच्या खिडकीपाशी आपण कधी ना कधी उभे राहिला असाल. आतले बाबू आपला कागद पाहतात, दोनचार कळा दाबतात आणि मग काहीच न करता समोरच्या पडद्याकडे पाहत बसतात. रांगेतला एखादा म्हातारा विचारतो, "काहून जी, मशीन बंद पडली का?"

मशीन बंद पडलेली नसते. गोष्ट अशी आहे की, ज्या यंत्रात गाड्यांची आणि जागांची वही ठेवलेली आहे, ते यंत्र वरठीला नाहीच. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीला संगणकावर आरक्षण सुरू झाले, मग मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथे तशीच मोठी केंद्रे उभी राहिली, आणि १९९९ मध्ये ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. गावोगावच्या खिडकीत जो पडदा दिसतो तो अशा एखाद्या दूरच्या यंत्राचा पडदा. कळ इथे दाबायची, काम तिथे व्हायचे आणि उत्तर पुन्हा इथे उमटायचे. बाबू वाट पाहतात ती या येण्याजाण्याची.

आता आपण म्हणाल, यात सांगण्यासारखे काय आहे? सांगण्यासारखे हे आहे की, दूरच्या यंत्रात जे असते ते सगळेच्या सगळे या टोकाला दिसतेच असे नाही. वाटेत काही गळते, काही पुसट होते, काही उशिरा येते. आणि आपल्या मराठीच्या वाट्याला ही गळती इंग्रजीपेक्षा नेहमीच जास्त आली आहे. ती का आली, याचीच ही हकीकत.

आरंभ तारेपासून करू. आपल्या देशातली तारसेवा १४ जुलै २०१३ रोजी शेवटच्या तारा घेऊन बंद झाली, तेव्हा आजच्या मुलांना ती ठाऊक असण्याचे कारण नाही. वडीलधाऱ्यांना मात्र ती चांगली आठवत असेल. तार आली की घरात आधी रडारड व्हायची आणि मग ती वाचायला गुरुजींना बोलावणे जायचे, कारण मजकूर बहुधा इंग्रजीत. पण पोस्टात शुभेच्छांचीही तार मिळत असे, आणि तिच्यात एक युक्ती होती. दिवाळीच्या शुभेच्छा, नव्या वर्षाचे अभिष्टचिंतन, लग्नाचा आशीर्वाद, अशी वाक्ये आधीच ठरवून त्यांना आकडे दिलेले होते. आपण वाक्य निवडायचे, तारबाबूंनी तारेवरून नुसता आकडा पाठवायचा. त्या टोकाच्या पोस्टात आकड्यावरून पुरते वाक्य लिहीत आणि रंगीत नक्षी छापलेल्या कागदावर ते घरी पोहोचवीत. वाचणाऱ्याला वाटे, केवढा सुंदर कागद आला! कागद आलाच नव्हता. तो त्याच्याच गावच्या पोस्टात कपाटात पडून होता. आला होता एक आकडा.

ही युक्ती नीट ध्यानात ठेवा, गुरुजींनी तर वर्गात सांगावी अशी आहे. दूरची गोष्ट इकडे आणण्याच्या दोन वाटा. एक, खूण पाठवायची आणि या टोकाला तिच्यावरून चित्र उभे करायचे. दुसरी, चित्रच उचलून पाठवायचे. खूण हलकी असते, अरुंद वाटेनेही झटकन जाते. पण ती ओळखणारा माणूस किंवा यंत्र या टोकाला हवे. चित्र ओळखावे लागत नाही, ते जसे आहे तसे दिसते. पण ते जड असते, त्याला रुंद रस्ता लागतो. पुढचा सगळा इतिहास या दोन वाटांच्या ओढाताणीचा आहे.

खुणेच्या वाटेवर देवनागरीचे काय झाले ते पाहा. तारायंत्रानंतर दूरमुद्रक आला, ज्याला टेलिप्रिंटर म्हणत. त्याची जुनी रीत पाच खुणांची: पाच जागा, प्रत्येक जागी विजेचा ठोका आहे किंवा नाही. दोन हा आकडा पाच वेळा मांडून त्यांचा गुणाकार केला की बत्तीस मेळ होतात. इंग्रजीची सव्वीस अक्षरे त्यात सुखाने बसली. आकडे आणि विरामचिन्हे यांसाठी एक खटका दाबून तेच मेळ दुसऱ्यांदा वापरले. आता आपली बाराखडी मांडून पाहा. चौतीस व्यंजने धरली आणि प्रत्येकाची बारा रूपे केली तर चारशे आठ होतात, आणि जोडाक्षरे अजून बाहेरच उभी! १९४९ साली हिंदीतून तारा सुरू झाल्या, देवनागरी दूरमुद्रकही निघाले, पण त्यांना अक्षर तोडावे लागले. काना वेगळा, मात्रा वेगळी, अर्धे अक्षर वेगळे. तोडून पाठवायचे आणि या टोकाला जुळवून छापायचे. अक्षरे वाचता यायची, एवढेच.

संगणक आले तेव्हा दूरच्या संगणकाशी बोलायला माणसांनी हाच दूरमुद्रक वापरला. सेकंदाला दहा अक्षरे या गतीने तो कागदावर उत्तर छापत बसे. नंतर कागदाच्या जागी काचेचा पडदा आला. १९७८ मध्ये एका अमेरिकन कंपनीने काढलेला व्हीटी-१०० नावाचा पडदा इतका पसरला की पुढच्या बहुतेक पडद्यांनी त्याचीच रीत उचलली. त्यावर एका ओळीत ऐंशी अक्षरे आणि अशा चोवीस ओळी. ऐंशीच का? तर १९२८ साली अमेरिकेत हिशेबाच्या भोकांच्या कार्डावर ऐंशी रकाने पाडले होते म्हणून. कोण कुठली ती कार्डे, पण त्यांच्या मापाचा अंगरखा आपल्या लिपीलाही चढला.

तो अंगरखा तिला बसेना. त्या पडद्यावर प्रत्येक अक्षराला सारखीच लहानशी चौकट. इंग्रजी अक्षर तिच्यात मांडी घालून बसते. पण 'स्त्री' किंवा 'क्ष्म' लिहायचे तर रुंदी पुरत नाही. 'र्कूं' सारखा प्रकार आला तर वर रफार आणि अनुस्वार, खाली ऊकार, आणि उंची पुरत नाही. चौकट मोठी केली तर ओळीत ऐंशी अक्षरे मावत नाहीत, आणि दूरचे यंत्र तर ऐंशी रकाने गृहीत धरूनच तक्ता पाठवणार. मग नावाचा रकाना रकमेच्या रकान्यावर चढतो.

यातून वाट काढली ती आपल्याच देशातल्या लोकांनी. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये हे काम सुरू झाले आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर तिथे ते वाढले. त्याचे नाव जिस्ट. संगणकात बसवायचे एक कार्ड, किंवा तसाच खास पडदा. दूरच्या यंत्राने फक्त खुणा पाठवायच्या: क, मग हलन्त, मग ष. या टोकाच्या कार्डात अक्षरांच्या आकृती साठवलेल्या असत. ते खुणा वाचून 'क्ष' घडवी आणि पडद्यावर मांडी. शुभेच्छांच्या तारेची तीच जुनी युक्ती. १९९१ मध्ये या खुणांचे भारतीय मानकही ठरले. त्यात पहिली १२८ घरे इंग्रजीला तशीच ठेवली आणि आपल्या लिपींना त्यांच्या वरची घरे दिली.

इथे एक मोठी गंमत झाली, गंमत म्हणायची ती आज. तेव्हा कपाळावर हात मारायची वेळ होती. त्या काळच्या कित्येक लाइनी इंग्रजीपुरत्याच बांधलेल्या. एका अक्षरासाठी सातच ठोके नेत, आठवा ठोका वाटेत टाकून देत. आठवा ठोका गेला की खुणेतून १२८ वजा होतात. आपल्या मानकात 'क' चे घर १७९ वे. त्यातून १२८ गेले की राहिले ५१, आणि ५१ हे इंग्रजीच्या घरांत '3' या आकड्याचे घर. तिकडून 'क' निघाला आणि इकडे तीनचा आकडा पोहोचला! पाठवणाऱ्याचा दोष नाही, वाचणाऱ्याचा नाही. वाटच अशी की मराठी तिच्यातून मावत नव्हती.

जिल्ह्यांच्या कचेऱ्यांपर्यंत ही वाट पोहोचली ती आकाशातून. १९७६ मध्ये केंद्र सरकारचे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र निघाले आणि पुढच्या दशकात त्याने निकनेट नावाचे जाळे उपग्रहाच्या मदतीने जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणांपर्यंत नेले. गोंदिया तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होता. १ मे १९९९ ला तो वेगळा झाला. उपग्रहाची वाट रानावनातूनही जाते, खांब लागत नाहीत, ही तिची थोरवी. पण हा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर वर. संदेश वर जायचा, खाली यायचा, आणि उत्तरालाही तेवढाच फेरा. विजेच्या वेगाने धावला तरी जाण्यायेण्यात अर्धा सेकंद मोडतो. अर्धा सेकंद म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण कळ दाबली आणि अक्षर अर्ध्या सेकंदाने उमटले तर लिहिणाऱ्याचा हात अडखळतो. तो समजतो कळ लागली नाही, पुन्हा दाबतो, आणि अक्षर दोनदा पडते. घाई करू नका, अशी सूचना त्या पडद्यांवर चिकटवायला हवी होती.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. तेव्हा स्वस्तातली जोडणी घेणाऱ्याला नुसती अक्षरे दिसत, चित्र नाही. दूरच्या यंत्राचा तोच काळा अक्षरी पडदा. चित्रे हवी तर जास्त पैसे मोजा. खूण गरिबाची, चित्र श्रीमंताचे, असाच तो मामला होता.

तोवर परदेशात पडद्याचे रूप पालटले होते. अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत १९७३ मध्ये आल्टो नावाचे यंत्र झाले, ज्याच्या पडद्यावर अक्षरांच्या चौकटी नव्हत्या. सगळा पडदा ठिपक्यांचा. हवे ते चित्र काढा, हवी ती लिपी लिहा. १९८४ मध्ये तिथल्याच एम.आय.टी. या विद्यापीठात एक्स नावाची पद्धत निघाली. तीत कार्यक्रम दूरच्या यंत्रात चाले आणि खिडक्या, रेघा, अक्षरे आपल्या पडद्यावर उमटत. नव्वदच्या दशकात विंडोजचा सबंध पडदा दुरून पाहण्याची सोय झाली. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिची स्वतःची आवृत्ती काढली, आणि त्याच सुमारास इंग्लंडात केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेतून व्हीएनसी नावाची फुकट वापरता येणारी पद्धत आली. घरी बसून कचेरीतले यंत्र जसेच्या तसे चालवायचे! ऐकायला हे जादूसारखे. पण आता चित्र पाठवायचे होते, आणि चित्राचे वजन किती ते फळ्यावर मांडून पाहू.

एका साध्या पडद्यावर आडवे १,०२४ आणि उभे ७६८ ठिपके धरा. गुणाकार ७,८६,४३२. टेलिफोनच्या तारेवरचा चांगला मोडेम सेकंदाला फार तर ५६,००० ठोके नेई. पडदा नुसता काळापांढरा असेल तर ठिपक्याला एक ठोका, म्हणजे चौदा सेकंद. २५६ रंग हवे असतील तर ठिपक्याला आठ ठोके, म्हणजे पावणेदोन मिनिटांच्या वर. खरेखुरे रंग हवे तर चोवीस ठोके, म्हणजे साडेपाच मिनिटांहून जास्त. आणि तोच पडदा जुन्या अक्षरी पद्धतीचा असता तर? ऐंशी गुणिले चोवीस, १,९२० अक्षरे, प्रत्येकी आठ ठोके: पाव सेकंदाहून किंचित जास्त. मुलांना हे गणित घालून पाहा. चित्र जड असते म्हणजे काय ते त्यांना पुन्हा सांगावे लागणार नाही.

मग कसरती सुरू झाल्या. पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवायचा. एकदा पाठवलेली आकृती या टोकाला साठवून ठेवायची आणि पुढच्या वेळी फक्त तिचा आकडा पाठवायचा (पुन्हा आपली दिवाळीची तार!). मागे लावलेले निसर्गचित्र काढून टाकायचे. रंग कमी करायचे. विंडोज २००० मध्ये तर दुरून पाहताना २५६ रंगांच्या वर मिळतच नसत, म्हणून फोटो डागाळलेले दिसत आणि नकाशातल्या फिक्या रंगछटा एकमेकींत मिसळून जात. जे कार्यक्रम चित्राच्या खास कार्डावर विसंबून असतात, उदाहरणार्थ सर्वेक्षणाचे आणि इमारतींच्या आराखड्यांचे, ते दुरून उघडले की कित्येकदा उघडतच नाहीत किंवा रखडतात, कारण ते कार्ड दूरच्या यंत्रात असले तरी दूरच्या पाहणाऱ्यासाठी ते जागे होत नाही.

या सगळ्यात मराठीला एक लाभ झाला आणि एक तोटा.

लाभ आधी सांगतो. नव्वदीत आणि पुढेही आपल्याकडे फॉन्टचा केवढा गोंधळ होता ते टंकलेखन करणाऱ्यांना विचारा. सुरेख, शिवाजी, कृतिदेव. ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा आणि त्यातल्या अक्षरांची घरेही वेगळी. पवनीहून मजकूर निघायचा आणि तुमसरला तो फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ. पण दूरच्या यंत्राचा पडदाच चित्ररूपाने आला की हा प्रश्न उरत नाही. अक्षर तिथेच घडते, इथे त्याचे चित्र येते. इथल्या यंत्राला मराठीचे अक्षरही ओळखता येत नसले तरी चालते. फॅक्सने हस्ताक्षर जसेच्या तसे यायचे, तसेच हे.

तोटा सूक्ष्म आहे, म्हणून जास्त वाईट. चित्र हलके करताना त्यातले बारीक तपशील आधी बळी जातात. इंग्रजीत बारीक म्हणजे एखादा स्वल्पविराम. आपल्याकडे अर्थच बारकाव्यात ठेवलेला. 'भाडे' आणि 'भांडे' यांत फरक एका टिंबाचा, आणि पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या जिल्ह्याला तो फरक समजावून सांगायला नको. अक्षरांच्या कडा मऊ करण्याची जी सोय पुढे संगणकांत आली, ती दुरून पाहताना बरीच वर्षे मिळत नसे. लहान अक्षरांत मात्रा आणि रफार एकमेकांत अडकत. चित्र दाबून पाठवले तर ऱ्हस्व-दीर्घ उकाराचा शेपटा पुसला जाई. आणि आकडे! ५ आणि ६, १ आणि ९.

२०२० मध्ये मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या तेव्हा शिक्षकांनी हे स्वतः भोगले. गुरुजींनी आपल्या संगणकाचा रुंद पडदा मुलांना दाखवायचा, मुलाने तो तळहाताएवढ्या फोनवर पाहायचा. नेट मंदावले की पाठवणारे साधन आपणहून चित्र पुसट करते. ते कुणाला विचारीत नाही. गुरुजींच्या पडद्यावर धडा स्वच्छ दिसतो, म्हणून ते पुढे जातात. मुलाला मात्र ओळींच्या जागी मुंग्यांची रांग दिसते, आणि 'दिसतं का रे?' म्हटले की ते 'हो' म्हणते. पाठवणाऱ्याला दुसऱ्या टोकाचा पडदा कधीच दिसत नाही, ही यातली खरी मेख आहे.

दरम्यान वाटा रुंद झाल्या आहेत. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. खुणाही सुधारल्या. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीला जगभर मान्य अशी घरे मिळाली आणि विंडोज २००० पासून मंगल हा फॉन्ट संगणकात आपोआप येऊ लागला. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, तो संकेतस्थळावरून. दूरच्या यंत्राचा सबंध पडदा उचलून आणावा लागत नाही. बहुतेक संकेतस्थळे अक्षरांच्या खुणाच पाठवतात आणि अक्षर या टोकाला घडते. म्हणजे फिरून गाडी तारबाबूंच्या युक्तीवर आली म्हणायची. तरीही जुने हिशेबाचे कार्यक्रम आहेत, एकाच यंत्रात बसवलेले आणि दुरून चालवले जाणारे. आणि पावसाळ्यात वैनगंगेकाठच्या गावांत नेट कसे चालते ते मी आपल्याला सांगायला नको.

जाता जाता एक सावधगिरी. दुरून पडदा पाहण्याची साधने आता फोनमध्येही आली आहेत, आणि कुणी बँकेचे नाव सांगून ती घ्यायला लावतो. मग आपल्या फोनवर जे दिसते ते त्यालाही दिसते, गुप्त आकड्यासकट. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. या कामी मात्र पडदा त्याला अगदी स्वच्छ दिसतो!

मागल्या पावसाळ्यात मी तालुक्याच्या एका गावी संगणकाच्या दुकानात बसलो होतो. तिथे एका बचत गटाचा हिशेब होता; कार्यक्रम भंडाऱ्याच्या यंत्रात, आणि इथली मुलगी तो दुरून चालवी. नेट रडतखडत चाललेले, म्हणून तिने रंग आणि बारकावा अगदी खाली आणून ठेवलेले. एक बाई आपले राहिलेले कर्ज विचारायला आल्या. मुलीने पाहून सांगितले, "नऊ हजार दोनशे, मावशी."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. "नाही व माय. मी हप्ते भरले. बाराशे रायले माह्यावर."

"इथं तर नऊच दिसते जी."

"पुन्हा पाय."

मुलीने पुन्हा पाहिले. नऊच दिसला. मीही मान पुढे करून पाहिले, आणि शपथेवर सांगतो, मलाही नऊच वाटला. मग ती म्हणाली, थांबा, आणि तिने बारकाव्याची खूण वर सरकवली. पडदा कोरा झाला. चाक फिरत राहिले. बाहेर पावसाची सर येऊन गेली, बाई उभ्याच होत्या. हळूहळू वरून खाली एकेक पट्टी भरत आली: गटाचे नाव, मग गावाचे, मग बाईंचे, आणि शेवटी रकमेचा रकाना.

एक होता.